लिनक्स रोज वापरताना: कुठे खपायचं आणि कुठे सोडून द्यायचं

मागच्या अंकात म्हटलं होतं की लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम, रोजच्या कामाला वापरणाऱ्यांनी आपल्या अडचणी पाठवा, आणि बरीचशी पत्रं वैतागूनच लिहिलेली आली. वैताग खरा आहे, मी तो कमी लेखणार नाही. जे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा हार्डवेअर चालवणारा गाभा, सर्व्हरवर महिनोन्महिने रिस्टार्ट न होता चालतं तेच आपल्या लॅपटॉपवर झाकण लावलं की नीट झोपत नाही, हे कुणालाही चीड आणणारंच आहे. उत्तरं देताना मी एक गोष्ट मुद्दाम वेगळी काढलीये: तुमची अडचण तुम्ही सेटिंग बदलून सुटणारी आहे, की ती हार्डवेअर किंवा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीनेच सोडवायची आहे. दुसऱ्या प्रकारात रात्री जागवून काही मिळत नाही, आणि हे आधीच कुणी सांगितलं असतं तर निम्म्या लोकांचा निम्मा त्रास वाचला असता असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: लॅपटॉप झाकण लावून बॅगेत ठेवते, दोन-तीन तासांनी काढते तर तापलेला असतो आणि बॅटरी निम्म्यावर आलेली. ह्याच मशीनवर विंडोज होतं तेव्हा असं होत नव्हतं. डिस्ट्रो, म्हणजे उबंटू-मिंटसारखी लिनक्सची आवृत्ती, बदलून पाहिली, तरी तेच. माझं काही चुकतंय का?

उत्तर: तुमचं काहीही चुकत नाहीये, आणि डिस्ट्रो बदलून हे सहसा सुटतही नाही कारण आतलं कर्नल सगळीकडे तेच असतं. लॅपटॉप झोपवायच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत म्हणजे एस थ्री, त्यात रॅम सोडून जवळजवळ सगळ्याची वीज बंद होते. नवी पद्धत मायक्रोसॉफ्टने 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणून पुढे आणली, त्यात मशीन मोबाइलसारखं वरून झोपलेलं पण आतून अर्धवट जागं असतं, आणि प्रोसेसर अगदी खालच्या अवस्थेत उतरला तरच बॅटरी वाचते. आता तो तिथपर्यंत उतरायला एसएसडी, वायफाय कार्ड, यूएसबी कंट्रोलर ह्या सगळ्यांनी आधी झोपावं लागतं, ह्यातलं एक जरी जागं राहिलं तरी प्रोसेसर वरच अडकतो आणि बॅगेत लॅपटॉप तापत बसतो. विंडोजसाठी हे सगळं कंपनी विक्रीच्या आधी तपासून बघते, लिनक्ससाठी बहुतेक मॉडेलांवर कुणी तपासलेलंच नसतं. फरक इथे पडतो.

आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये जा आणि स्लीप स्टेट अशा नावाचं काही आहे का बघा, काही लॅपटॉपांत तिथे चक्क 'विंडोज' आणि 'लिनक्स' असे दोन पर्याय असतात आणि 'लिनक्स' निवडलं की एस थ्री चालू होतं. असा पर्याय नसेल तर सिस्टिमच्या 'सिस' फोल्डरमध्ये 'पॉवर' आणि त्यात 'मेम स्लीप' नावाची छोटी फाइल असते, ती उघडून वाचा. तिच्यात 'एस टू आयडल' आणि 'डीप' असे शब्द दिसतात, जो चौकोनी कंसात असेल तो सध्या चालू. दोन्ही शब्द असतील तर 'डीप'वर टाकून बघता येतं. पण 'डीप' हा शब्दच नसेल तर तुमचं फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर, एस थ्री देतच नाही, आणि मग कुठल्याही कमांडने ते आणता येत नाही. तिथे शोध थांबवा.

मग हातात काय राहतं? बायोसचं अपडेट टाका, आता बऱ्याच कंपन्यांची फर्मवेअर अपडेट्स लिनक्सच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्येच येतात. माउसचा डाँगल वगैरे काढून मग झाकण लावून बघा, कधीकधी तोच मशीन जागं करत असतो. हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं, हा उपाय सगळे सुचवतात पण त्याला पुरेशी मोठी स्वॅप, म्हणजे डिस्कवर राखलेली जागा लागते, आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर बऱ्याच डिस्ट्रोंचं कर्नल हायबरनेट करूच देत नाही, हे कुणी सांगत नाही आणि लोक तासन्‌तास त्यावर घालवतात. ह्यातलं काहीच जमलं नाही तर बॅगेत टाकायच्या आधी सरळ शटडाउन करा. एसएसडीवर परत चालू व्हायला फार वेळ लागत नाही, आणि बंद बॅगेत तापलेली बॅटरी ही काही चांगली गोष्ट नाही.

प्रश्न: अपडेट आलं म्हणून केलं, रिस्टार्ट केलं तर काळी स्क्रीन. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे. शेवटी सगळं पुसून परत इन्स्टॉल केलं, आणि पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा तेच. अपडेट करणं बंदच करू का?

उत्तर: अपडेट बंद करू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यातूनच येतात. आणि पुसून परत इन्स्टॉल करायची तर अजिबातच गरज नव्हती, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं कारण एका मेनूने काम झालं असतं. मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे सिस्टिम निवडायचा मेनू आणा, त्यात उबंटू-मिंटमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असतं, त्यात आधीचं कर्नल असतं (फेडोरात ते थेट मेनूतच दिसतं), ते निवडून एंटर मारा. उबंटू, मिंट, फेडोरा ह्या सगळ्या निदान एक जुनं कर्नल ठेवूनच नवं टाकतात, ते ह्याचसाठी.

असं होतं का तर एएमडी आणि इंटेलच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, कर्नल बदललं की तेही बरोबर बदलतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून येतो, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने जुळवून बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाची गोष्ट मागच्या मागे करते, आणि ते मध्येच फसलं, म्हणजे बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइल्स नव्हत्या किंवा ड्रायव्हर जुना होता, तर पुढच्या बूटला काळी स्क्रीन. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून हाताने ड्रायव्हर टाकला असेल तर त्याला डीकेएमएस कधी जोडलेलं असतं कधी नसतं, म्हणून तसं करूच नका. उबंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', तिथूनच घ्या.

अजून एक जागा आहे जिथे खूप जण अडकतात आणि त्यांना कळतही नाही की आपण कुठे अडकलो. सिक्युअर बूट चालू असताना ड्रायव्हर टाकला की इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो पासवर्ड कशाला हे तिथे धड लिहिलेलं नसतं, माणूस काहीतरी टाकतो आणि पुढे जातो. रिस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येते, 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट' असं वर लिहिलेलं (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाने मान्य केलेली सहीची किल्ली), आणि दहा सेकंदात एखादी की दाबा म्हणते. विंडोजच्या निळ्या स्क्रीनची भीती आपल्या मनात असतेच, त्यामुळे लोक घाबरून हात लावत नाहीत किंवा 'कंटिन्यू बूट' करून टाकतात. तिथे 'एनरोल मॉक' निवडायचं असतं, मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तोच मघाचा पासवर्ड, मग रीबूट. हे केलं नाही तर ड्रायव्हरवरची सही मशीनला ओळखीची नसते आणि कर्नल तो लोडच करत नाही. हे सगळं एका वाक्यात तिथेच समजावून सांगता आलं असतं, इतक्या वर्षांत ते झालं नाही ही मात्र लिनक्सवाल्यांचीच चूक आहे.

२०१२ मध्ये लिनक्सचा जनक लायनस टॉर्व्हाल्ड्सने एका जाहीर कार्यक्रमात एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर शिवी घातली होती, तेव्हापासून आतापर्यंत सुधारणा झालीये, २०२२ मध्ये कंपनीने कर्नलचा भाग ओपन सोर्स केला आणि २०२४ च्या ड्रायव्हरपासून वेलँडवरचं (स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी व्यवस्था) लुकलुकणंही बरंच कमी झालं. तरीही पुढचं मशीन लिनक्ससाठीच घेणार असाल आणि एनव्हिडिया कामासाठी लागतच नसेल, तर एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स घ्या. माझं ह्यावर ठाम मत आहे.

प्रश्न: लॅपटॉपची स्क्रीन फोर के, बाहेरचा मॉनिटर साधा. एकावर अक्षर मुंगीएवढं, दुसऱ्यावर अवाढव्य. स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवणं) १०० आणि २०० टक्क्यांच्या मधलं ठेवलं तर काही ॲप्स पुसट दिसतात. डोळे दुखायला लागलेत.

उत्तर: लॉग इन करताना कोपऱ्यात गिअरचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून आधी बघा तुम्ही एक्स ११ ह्या जुन्या चित्रव्यवस्थेवर आहात की वेलँडवर. एक्स ११ हे १९८७ चं, तेव्हा दोन वेगवेगळ्या घनतेच्या स्क्रीन एका मशीनला लागतील हा विचारच नव्हता, म्हणून त्यात दोन्ही स्क्रीनना वेगळं स्केलिंग नीट जमत नाही, कितीही जुगाड केले तरी. वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि त्यात प्रत्येक मॉनिटरला स्वतःचं स्केलिंग देता येतं. तेव्हा एक्स ११ वर असाल तर वेलँडवर जा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला अर्धा म्हणजे पुसट ॲप्स. ती ॲप्स अजून जुन्या पद्धतीची असतात, वेलँड त्यांना एका मधल्या थरातून चालवतो आणि चित्र ताणून मोठं करतो, म्हणून धूसर दिसतं. केडीई प्लाझ्मा ह्या डेस्कटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अशा ॲप्सना 'स्वतःच स्केल होऊ द्या' असा पर्याय आहे, तो लावून बघा. दुसरा सोपा मार्ग म्हणजे मधलं स्केलिंग सोडूनच द्या, १०० किंवा २०० टक्के ठेवा आणि फक्त अक्षरांचा आकार फाँटच्या सेटिंगमधून वाढवा. बटणं थोडी लहान राहतात पण अक्षर कोरीव दिसतं, आणि दिवसभर वाचायचं असेल तर तेच महत्त्वाचं. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप वापरत असाल तर तिथे वेलँड अजून प्रायोगिक म्हणूनच दिलेलं आहे, दोन वेगळ्या स्क्रीनसाठी गनोम किंवा केडीई हे डेस्कटॉप बरे पडतील.

प्रश्न: वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की तक्ते सरकतात, एका पानाची दोन पानं होतात. साहेबांना परत पाठवली की ते म्हणतात तुम्ही फाइल बिघडवली.

उत्तर: बऱ्याचदा ह्यात फाइल बिघडलेली नसते, फाँट नसतो. वर्डमध्ये वर्षानुवर्षं कॅलिब्री हा नेहमीचा फाँट होता आणि तो मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे लिनक्सबरोबर येत नाही. मग लिबरऑफिस दुसरा फाँट घालतं, त्याची अक्षरं केसभर रुंद असतात, एक ओळ वाढते, तिच्यामुळे तक्ता खाली जातो आणि पान फुटतं. उपाय आहे: कार्लिटो आणि कॅलाडिया हे दोन मोफत फाँट टाका, त्यांची मापं अनुक्रमे कॅलिब्री आणि केंब्रियाशी तंतोतंत जुळवलेली आहेत. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फाँट असतातच. पण २०२३ पासून वर्डने ॲप्टोस नावाचा नवा फाँट नेहमीचा केलाय, आणि त्याच्या फाइल्स पुन्हा सरकणार. त्यावर पाठवणाऱ्यालाच सांगावं लागेल की सेव्ह करताना 'एम्बेड फाँट्स' लावा.

साहेबांना फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा. दोघांनाही त्यात बदल करायचे असतील तर ऑफिसचं ब्राउझरमधलं व्हर्जन वापरा, ते लिनक्सवर चालतं. आणि एक्सेलमध्ये मॅक्रो किंवा पॉवर क्वेरीवर (बाहेरून डेटा आणून साफ करायची सोय) तुमचं रोजचं काम उभं असेल तर तिथे लिबरऑफिसशी झगडू नका, मॅक्रो अर्धेमुर्धे चालतात आणि पॉवर क्वेरी नाहीच. नोकरीची फाइल ही प्रयोग करायची जागा नाही.

प्रश्न: ताई, एक साधं ॲप टाकायचं तर त्याची चार प्रकारची पॅकेजं, कुणी म्हणतं डेब घे, कुणी फ्लॅटपॅक, कुणी स्नॅप, कुणी ॲपइमेज. फ्लॅटपॅक घेतलं तर त्याला माझी बाहेरची हार्ड डिस्कच दिसत नाही!

उत्तर: तुझा संताप अगदी योग्य आहे, आणि ह्याचा दोष कुठल्या हार्डवेअर कंपनीवर ढकलता येत नाही, ही लिनक्सच्या लोकांनी आपसात न जुळवून घेतल्याने झालेली गोष्ट आहे. तू एवढंच कर: जे ॲप डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्ये आहे ते तिथूनच घे, ज्याचं ताजं व्हर्जन हवं ते फ्लॅटहब ह्या साइटवरून फ्लॅटपॅक म्हणून घे, आणि ॲपइमेज फक्त दुसरं काहीच मिळत नसेल तेव्हा. डिस्क दिसत नाही कारण फ्लॅटपॅक ॲपला कोंडून ठेवतं, सुरक्षेसाठी, ते वाईट नाही पण तसं कुठे धड सांगत नाहीत. फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप टाक, त्यात डावीकडे तुझं ॲप निवड, उजवीकडे खाली 'फाइलसिस्टिम' भागात डिस्कचा पत्ता दे, ॲप बंद करून परत उघड. डिस्क दिसेल. आणि ॲपइमेजवर डबल क्लिक करून काहीच होत नसेल तर आधी प्रॉपर्टीजमध्ये 'एक्झिक्युटेबल' वर टिक कर, तरीही नाही आणि उबंटू २२.०४ किंवा त्यानंतरचं असेल तर फ्यूज टू ही लायब्ररी टाकावी लागते, ती तेव्हापासून आपोआप येत नाही.

प्रश्न: माझं मशीन विंडोज ११ ला चालत नाही म्हणून लिनक्स टाकलं. रोज काहीतरी अडतं. ज्याला विचारावं तो म्हणतो मॅन्युअल वाचा, तुम्हाला शिकायचंच नाहीये. मी हिशेबाचं काम करतो, संध्याकाळी थोडं फोटोंचं. परत जावं का?

उत्तर: असं बोलणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका. ज्यांना शिकायचंच नसतं ते सिस्टिम बदलायचा खटाटोपच करत नाहीत. दिवसभर हिशेब करून आलेल्या माणसाने ऑडिओ का गेला हे शोधण्यासाठी कर्नलचे लॉग वाचावेत अशी अपेक्षा करणं चुकीचं आहे, आणि लिनक्सबद्दल लोकांचं मन कशाने उठत असेल तर एखाद्या बगपेक्षा असल्या उत्तरांनी जास्त उठतं.

आता निर्णयाचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, तेव्हा तुमची अडचण खरी आहे. रोज ज्यांच्याशिवाय चालणारच नाही असे प्रोग्राम मोजके असतात, ते कागदावर काढा. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल आणि त्याची ब्राउझरमधली आवृत्ती नसेल तर त्या कामासाठी विंडोज ठेवा, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमधून पैशाचा हिशेब चालवणं मी कुणालाही सुचवणार नाही. फोटोंसाठी फोटोशॉपच लागत असेल तर ॲडोबी ते लिनक्ससाठी बनवत नाही, तो रस्ता बंद समजा. नुसते फोटो सुधारायचे असतील तर डार्कटेबल आणि गिंप पुरेसे आहेत, गिंपच्या २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये फिल्टर नंतरही बदलता येतात, ही फार मोठी सोय झाली. घरात कुणी गेम खेळत असेल तर विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्रोटॉनमुळे २०१८ पासून पुष्कळ गेम चालायला लागलेत, पण व्हॅलोरंटसारखे ज्यांची अँटी-चीट (लबाडी पकडणारी यंत्रणा) कर्नलमध्ये बसते ते नाही चालत आणि त्याला तुम्ही काही करू शकत नाही.

त्या यादीतलं सगळं चालत असेल तर राहा, पण मशीन शांत करा. नवीनतम डिस्ट्रोच्या मागे धावू नका, एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती घ्या, ती ५ वर्षं अपडेट्स देते. टाइमशिफ्ट लावून अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घ्या म्हणजे बिघडलं तर मागे जाता येतं, फक्त तो सिस्टिमचा असतो, तुमच्या फोटोंचा बॅकअप वेगळा ठेवा. आणि दुसऱ्या मशीनवर टाकायची वेळ आली तर आधी इन्स्टॉल न करता लाइव्ह यूएसबीवरून चालू करून तासभर वापरा: वायफाय, माइक, ब्लूटूथ हेडफोनवर कॉल, बाहेरचा मॉनिटर, आणि मुख्य म्हणजे झाकण लावून उघडणं. इन्स्टॉल करायच्या आधी जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल ह्या आशेवर राहू नका. यादीतली कामाची गोष्ट चालत नसेल तर परत जा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स. एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ चुकतं, आणि विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही सेव्ह होत नाही.

उत्तर: दोन्ही पूर्ण सुटतं. मशीनच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं, म्हणून टाइम झोनच्या फरकाएवढी चूक दिसते. लिनक्सला 'टाइम डेट सीटीएल' ह्या कमांडने स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं, किंवा विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसी, कुठलं तरी एकच करा, दोन्ही केलं तर पुन्हा चुकेल. ड्राइव्हचं कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप', त्यात शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट हायबरनेट होतं आणि ड्राइव्ह अर्ध्यात सोडलेला असतो, त्यात लिहिलं तर फाइल्स खराब होतील म्हणून लिनक्स तो फक्त वाचायला उघडतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा, विंडोज एकदा पूर्ण शटडाउन करा आणि मग लिनक्समध्ये या. काही मशीनवर विंडोजमधून आल्यावर वायफाय कार्डच सापडत नाही, तेही बऱ्याचदा ह्याचमुळे असतं.